शुद्ध तेलात तळलेले : इंदूरच्या फराळ समित्यांना एक खुले पत्र

प्रति,
इंदूरमधल्या मराठी मंडळांच्या दिवाळी फराळ समित्या, महिला मंडळं आणि घरच्या घरी फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या सगळ्या ताया, काकू, वहिनी यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या दिवाळीत आपल्यापैकी एका मंडळाच्या चकलीच्या पाकिटावर ‘शुद्ध तेलात तळलेले’ असं छापलं होतं. ते वाक्य माझं. लेबलं छापायला जायच्या आदल्या रात्री फोन आला, काकू, काहीतरी छान लिहून द्या, आणि मी एका मिनिटात लिहून दिलं. पाकिटं चार दिवसांत संपली. कुठलं तेल, असं घेणाऱ्यांपैकी कुणी विचारलं नाही. पस्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या बाईनं तरी लिहिताना थांबायला हवं होतं. तेल कुठलं ते मला पक्कं माहीत होतं. भिंतीला लागून पामोलीनचे, म्हणजे पातळ पाम तेलाचे, पंधरा किलोचे डबे ओळीनं ठेवले होते आणि त्यातलाच एक रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसून मी सोऱ्या फिरवत होते.

आधीच सांगून टाकते. पाम तेल म्हणजे विष, पाम तेल म्हणजे प्लास्टिक, असलं व्हॉट्सॲपवर फिरणारं काहीही मी इथे लिहिणार नाही. कढईपाशी उभं राहणाऱ्याला पामोलीनचे गुण सांगायला नकोत. घाण्यामागून घाणे काढले तरी ते लवकर काळं पडत नाही, त्याला स्वतःचा वास नाही, आणि त्यातली शेव महिनाभर कुरकुरीत राहते. (शेव लिहिते आहे, कारण पत्र मराठीत आहे. तोंडात ‘सेंव’च येतं, पुण्याच्या नणंदेनं कितीही हसू दे.) सोयाबीनच्या तेलात दुसऱ्या दिवशी पुन्हा तळायला घेतलं की त्याला माशासारखा वास सुटतो, हेही आपण सगळ्यांनी सोसलं आहे. पाम तेलातली जवळजवळ निम्मी स्निग्धता संपृक्त असते, म्हणून ते उष्णतेला टिकतं आणि म्हणूनच डिसेंबरात डब्यात पांढरं साकळतं. शिवाय स्वस्त. मंडळाच्या वर्गणीतून फराळ करायचा तर समितीनं दुसरं काय घ्यायचं, हा प्रश्न मलाही कळतो.

पण हे तेल येतं कुठून, हे मला सियागंज बाजारातल्या एका तेलवाल्यानं शिकवलं. २०२२ चा मे महिना, घरात नातवाची मुंज, आणि मी डबे घ्यायला गेले तर भाव ऐकून उभी राहिले. तो म्हणाला, “काकूजी, मैं क्या करूँ, इंडोनेशिया ने बंद कर दिया है.” खरंच होतं ते. इंडोनेशियानं त्या वर्षी २८ एप्रिलपासून जवळजवळ महिनाभर पाम तेलाची निर्यात थांबवली होती. आपला देश वर्षाला साधारण ७५ लाख ते जवळजवळ एक कोटी टन पाम तेल बाहेरून आणतो, जगात कुणीच इतकं आणत नाही. आणि जगातल्या एकूण पाम तेलापैकी चार-पंचमांशाहून जास्त इंडोनेशिया आणि मलेशिया या दोनच देशांत निघतं. राजवाड्यापासून दोन कोसांवर सोयाबीनची शेतं, खंडवा रोडवर सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था, आणि आपल्या चकलीचा भाव ठरतो जकार्तात!

त्या देशांत तेलाची झाडं जिथे उभी आहेत, तिथे आधी काय होतं, ते मी पुढच्या वर्षी पाहिलं.

मुलगी सिंगापूरला असते. ती नवीन गेली तेव्हा, २०१५ च्या सप्टेंबरात, तिनं फोनवर सांगितलं होतं की धुरामुळे इथल्या शाळा बंद ठेवल्यात. मला वाटलं कारखान्याचा धूर असेल. तो सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवरच्या जळणाऱ्या जमिनीचा धूर होता. तिथे दलदलीतल्या जंगलांखाली कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे मीटर-मीटर जाडीचे थर असतात. पाणी आहे तोवर ते निजलेले. मळे लावायला चर खणून पाणी काढून टाकलं की तेच थर गोवरीसारखे आतल्या आत धुमसत राहतात, आठवडेच्या आठवडे. तेव्हा मी “काळजी घे, मास्क लाव” एवढंच म्हणाले होते.

२०२३ मध्ये तिच्याकडे गेले, तेव्हा ती मला बोर्निओच्या मलेशियाकडच्या भागात, साबा राज्यात सांदाकानला घेऊन गेली. विमान खाली येताना खिडकीतून सगळं हिरवंगार दिसलं आणि मी भाबडेपणानं म्हणाले, “बघ, केवढं जंगल!” मुलगी म्हणाली, “आई, नीट बघ.” नीट पाहिलं तर झाडं रांगेत होती. एका मापाची, एका जातीची, क्षितिजापर्यंत. किनाबातांगान नदीकडे बसनं दोन-अडीच तास गेलो, तर त्यातला बहुतेक वेळ तीच रांग. ताडासारखं डोकं, बुंध्यावर जुन्या झावळ्यांचे खुंट, आणि खाली लाल-काळ्या फळांचे घड. हे झाड मूळचं तिथलं नव्हेच, पश्चिम आफ्रिकेतलं. १८४८ साली चार रोपं जावामधल्या बोगोरच्या बागेत लावली गेली, तिथून हा पसारा.

सांदाकानजवळ सेपिलोकला अनाथ ओरांगउटानांसाठी, म्हणजे तिथल्या जंगलातल्या मोठ्या बिनशेपटीच्या वानरांसाठी, केंद्र आहे, १९६४ पासूनचं. तिथे काचेआडून मी त्यांची बालवाडी पाहिली. तीन-चार वर्षांची पोरं दोराला लटकत होती, एकमेकांचे केस ओढत होती, एक जण केळं तोंडात धरून दुसऱ्याच्या केळ्यावर डोळा ठेवून बसला होता. आमचा बालवर्ग अगदी. मग तिथल्या मुलीनं सांगितलं की यांना झाडावर चढायला माणसं शिकवतात, कारण शिकवणारी आई नाही. ओरांगउटानचं पिल्लू आईच्या अंगाला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की ते हवं असेल तर आधी आईला मारावं लागतं.

मला तिथे बिन्नी आठवली. आपल्यापैकी काहींना आठवत असेल. पुण्याच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात एक ओरांगउटान होती, सुट्टीत माहेरी गेले की मुलीला घेऊन मी कात्रजला जायचे. एकदा बारीक पाऊस पडत होता आणि ही बया डोक्यावर गोणपाट घेऊन, गुडघे पोटाशी धरून, बसची वाट पाहणाऱ्या म्हातारीसारखी बसली होती. आम्ही सगळे हसलो. २००३ मध्ये तिला ओडिशात नंदनकाननला नेलं आणि २०१९ मध्ये ती गेली. तेव्हा देशातल्या प्राणिसंग्रहालयांमधली ती एकमेव ओरांगउटान होती. जंगलात हे प्राणी पाऊस आला की मोठ्या पानांची फांदी मोडून डोक्यावर धरतात, हे मला फार नंतर वाचनात आलं. तिच्याजवळ फांदी नव्हती, गोणपाट होतं.

मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस आणि हुतान म्हणजे वन. वनातला माणूस. त्या भागातली जुनी समजूत अशी, की याला बोलता येतं, पण बोलला तर माणसं कामाला जुंपतील म्हणून मुद्दाम गप्प राहतो. (असे विद्यार्थी मी दर वर्षी पाहिले.) झाडावर राहणाऱ्या प्राण्यांत याच्याएवढा मोठा दुसरा नाही. नर ऐंशी-नव्वद किलोचा, आणि तरी आयुष्य फांद्यांवर. तयार झालेल्या नराच्या गालांना दोन्हीकडे चामड्याची रुंद पाळी येते आणि त्याची हाळी किलोमीटरभर ऐकू जाते. ती ऐकून माद्या ठरवतात जवळ जायचं की लांब राहायचं. हे लोक घोळक्यानं राहत नाहीत. फळं एका ठिकाणी पुरेशी नसतात, मग प्रत्येकानं आपापली वाट धरायची. बरोबर असतात ती फक्त आई आणि तिचं पोर. मुली मोठ्या झाल्या की आईच्या शेजारीच संसार थाटतात, मुलगे लांब निघून जातात. माझ्या घरी उलटं झालं, तो भाग वेगळा.

रोज संध्याकाळी ओरांगउटान नवं अंथरूण घालतो. जाड फांद्या आत वाकवून, एकमेकींत अडकवून बैठक करायची, त्यावर बारीक फांद्या विणायच्या, वर पानांची गादी. पाऊस असेल तर छप्परही. पाच-दहा मिनिटांत काम संपतं, पण ते हातात बसायला पोराला काही वर्षं लागतात. आई करत असते, हे शेजारी बसून दोन काटक्या वाकवतं, त्यावर बसतं, ते मोडतं, मग आईच्या कुशीत. चकलीचा सोऱ्या पहिल्यांदा हातात घेतलेली मुलगी आठवून पाहा.

आणि खाण्याचं ज्ञान? दोनशेहून जास्त प्रकारचे पदार्थ: कुठलं फळ, कुठल्या झाडाचं, कधी पिकतं, सोलायचं कसं, फळं नसली तर कुठली साल चघळायची. बोर्निओच्या जंगलात मोठमोठे वृक्ष दर वर्षी फळत नाहीत. काही वर्षं जवळजवळ कोरडी जातात आणि मग अचानक सगळे एकदम फळतात. जंगलाची ही दिवाळी कुठल्या पंचांगात नसते. ती आली की ओरांगउटान खाऊन खाऊन अंगावर चरबी चढवतो आणि पुढच्या उपासाच्या महिन्यांत तीच चरबी जाळून जगतो. बोर्निओतल्याच गुनुंग पालुंगच्या जंगलात संशोधकांनी झाडाखाली थांबून त्यांची लघवी गोळा केली आणि तपासली, तेव्हा हे सिद्ध झालं. विज्ञानाला अशी कामंही करावी लागतात.

सुमात्रात सुआक बालिम्बिंग नावाची दलदल आहे. तिथे नीसिया नावाचं फळ मिळतं. आत स्निग्धतेनं भरलेल्या बिया, पण भोवती खाजकुयलीसारखे बोचरे केस. तिथले ओरांगउटान एक काडी सोलून दातांत धरतात, तिनं केस झाडून काढतात आणि बी बाहेर ओढतात. नदीच्या पलीकडच्या काठावर तेच झाड आहे, तेच फळ आहे, पण तिथल्यांना ही काडीची युक्ती येत नाही. म्हणजे हे रक्तात नाही, घराण्यात आहे. एका काठावर कुणाच्या तरी आजीनं शोधलं, आईनं उचललं, लेकीनं पाहून पाहून शिकलं. आपल्याकडे एकीच्या भाजणीची चकली जिभेवर विरघळते आणि शेजारच्या घरात तेच धान्य भाजून दगड होतो, तसं. याच सुआकमध्ये २०२२ साली राकुस नावाच्या नरानं गालावरच्या जखमेवर एका वेलीची पानं चावून लावली. जखम पाच दिवसांत मिटली. त्या वेलीला तिथली माणसंही औषध मानतात आणि तिचं नाव आहे पिवळी मुळी. माझी आजी खरचटलं की हळद दाबायची.

हे सगळं शिकायला पोर सात-आठ वर्षं आईजवळ राहतं. म्हणून दोन बाळंतपणांत सात-आठ वर्षांचं अंतर. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत एवढं अंतर कुणातच नाही. पहिलं मूल पंधराव्या वर्षाच्या आसपास. म्हणजे जन्मभरात चार, फार तर पाच. शाळेत मी लोकसंख्येची गणितं घालायचे, त्यातलं हे सगळ्यात वाईट गणित. दरवर्षी शंभरांतली एक मादी जरी नेहमीपेक्षा जास्त मेली, तरी त्या जंगलातली वस्ती हळूहळू आटते आणि शेवटी संपते.

बोर्निओत १९९९ ते २०१५ या सोळा वर्षांत एक लाखाहून जास्त ओरांगउटान कमी झाले. यातले सगळे तेलाच्या मळ्यांमुळे गेले असं म्हणाले तर ते खोटं ठरेल. लाकूडतोड आहे, खाणी आहेत, आगी आहेत, आणि जंगल शिल्लक असलेल्या भागातही शिकारीनं खूप मेले. पण ही कारणं एकमेकांना कुठे जोडली जातात पाहा. जंगल तोडून मळा लावला की भुकेला प्राणी मळ्यात शिरतो, कोवळ्या रोपांचे गाभे खातो, मग तो मळेवाल्याच्या लेखी उपद्रवी जनावर. रस्ता झाला की बंदूक आत येते. आज बोर्निओ, सुमात्रा आणि तापानुली या तिन्ही जाती अतिसंकटग्रस्त यादीत आहेत. तापानुली ही वेगळी जात आहे हेच मुळी २०१७ मध्ये कळलं आणि ती सापडली तेव्हाच आठशेपेक्षा कमी उरली होती. बारशालाच आयसीयूत!

किनाबातांगानच्या काठी जंगलाची एक अरुंद पट्टी उरली आहे आणि मागे लगेच मळे. ओरांगउटानला पोहता येत नाही. पूर्वी ओढ्यावर दोन्हीकडच्या झाडांच्या फांद्या भेटायच्या, तो वरून पलीकडे जायचा. झाडं गेली, वाट तुटली. तिथल्या लोकांनी मग अग्निशमन दलाचे जुने पाइप ओढ्यावरून ताणून बांधले. वर्षानुवर्षं त्यावरून माकडं गेली. ओरांगउटान मात्र नुसता बघत राहायचा. शेवटी एक दिवस एक जण गेला, त्याचा फोटोही आहे. बोटवाल्यानं मला असा एक पूल दाखवला. रिकामाच होता. पाऊण तास थांबलो, डास चावून घेतले, परत आलो.

आता मुद्द्याचं.

पाम तेल बंद करा असं मी म्हणत नाही, आणि त्याचं कारण भिडस्तपणा नाही. एका हेक्टरात पामपासून तीन-चार टन तेल निघतं, सोयाबीनचं अर्धा टनही नाही. सगळं जग उद्या पाम सोडून सोयाबीनकडे वळलं तर कितीतरी पट जमीन लागेल आणि ती जमीनही कुठल्या तरी जंगलाच्याच जागी येईल. आपलं आपण पिकवू म्हणावं, तर सरकारनं २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांचं पाम तेल अभियान आणलंच आहे, भर ईशान्येकडच्या राज्यांवर आणि अंदमानवर. ईशान्येच्या त्याच जंगलांत आपला हुलॉक गिबन राहतो, भारतातला एकमेव बिनशेपटीचा वानर, झाडावरून सहसा खाली न उतरणारा. कहाणी इकडे आली तर पात्रं बदलतील इतकंच.

मला हवी आहे ती एक ओळ. पाकिटावर तेलाचं नाव लिहा. पामोलीन असेल तर पामोलीन, शेंगदाणा असेल तर शेंगदाणा, सरकी असेल तर सरकी. कारखान्यातून येणाऱ्या नमकीनच्या पाकिटावर बारीक अक्षरांत का होईना ते लिहावं लागतं, घरी जाऊन एखादं उलटून पाहा. सुट्या मालाला आणि आपल्या फराळाला कुणी विचारत नाही. २०२० च्या ऑक्टोबरपासून मिठाईवाल्यांना सुट्या मिठाईपुढे ‘अमुक तारखेपर्यंत खावी’ ही पाटी लावावी लागते. सुरुवातीला केवढी कुरकुर झाली! आता ती पाटी दिसली नाही तर आपणच विचारतो.

दुसरं, यंदा सगळे नाही तर निदान चकलीचे घाणे शेंगदाणा तेलात काढून पाहू या. मी मागच्या वर्षीचा हिशेब मांडून ठेवला आहे. चकली किलोमागे पाव किलोच्या वर तेल पिते, भावातला फरक धरला तर किलोला वीस-पंचवीस रुपये जास्त पडतात. दोन प्रकारची पाकिटं ठेवा, दोन भाव लिहा, लोकांना ठरवू द्या. कदाचित कुणीच महागडं पाकीट घेणार नाही. मग ती सगळी पाकिटं माझ्या घरी पाठवा, पैसे मी देते, सिंगापूरला पार्सल करते.

आणि जिथे पामोलीनच घ्यायचं, तिथे डबे घेताना तेलवाल्याला विचारा की जंगल न तोडता पिकवलेलं, आरएसपीओ या पाम तेलासाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र असलेलं तेल मिळतं का. ही संस्था २००४ पासून आहे, तिच्यात त्रुटी आहेत, प्रमाणित आणि अप्रमाणित तेल एकत्र मिसळूनही विकलं जातं. तेलवाला आधी आपल्याकडे विचित्र नजरेनं बघेल. माझ्याकडे बघितलं. “ये क्या होता है काकूजी?” म्हणाला. मी सांगितलं. दिवाळीच्या आधी दहा मंडळांच्या दहा काकूंनी हेच विचारलं, तर तो निदान आपल्या वरच्या व्यापाऱ्याला विचारेल. इतक्या घाऊक प्रमाणात डबे उचलणारं गिऱ्हाईक त्याला परवडत नाही घालवायला. आपण शंभर-दोनशे किलोची ऑर्डर देतो तेव्हा पैशापैशासाठी घासाघीस करतोच की, त्यात हाही एक प्रश्न.

शंकरपाळ्याच्या मोहनात घालतो ते वनस्पती तूपही बहुतेक पामचंच असतं, हे जाता जाता सांगते. साबण, बिस्किटं, नूडल्स यांच्याबद्दल या पत्रात लिहीत बसत नाही, तो माझ्या कढईबाहेरचा विषय.

येत्या रविवारी फराळ समित्यांची बैठक आहे. लेबलाचा नवा नमुना मी घेऊन येते. ‘शुद्ध’ हा शब्द मी खोडला आहे. त्या जागी ‘तळण :’ असं लिहून पुढे रेघ मोकळी सोडली आहे. ती प्रत्येकीनं आपल्या हातानं भरायची.

आपली,
सुदामा नगरातली एक निवृत्त शिक्षिका
(चकली विभाग)

ता. क. मागच्या वर्षीचे रिकामे डबे भंगारात देऊ नका. सोऱ्या फिरवायला बसायला त्यांच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.